वांग्याच्या देठाखालची हळद

—नको, टोपली उतरवू नकोस मालन, आज भाजी नकोय. आणि भांडायलाही नाही हो बोलावलं, भांडायला त्राण कुठाय अंगात? सुमतीला, माझ्या सुनेला, उलट्यांवर उलट्या, उशाशी मी एकटी. तू बाळकुमाहून आणलीस ती वांगी — देठाखाली पिवळं होतं बघ — ते काय होतं? सांग, मी काही फौजदाराकडे जात नाही. मला आपली हळद वाटली. पहिला तोडा तुम्ही गावदेवीला हळदकुंकू वाहून मगच बाजारात आणता, तूच सांगायचीस ना? मग देवीची हळद कोण धुऊन टाकील? तशीच भरली वांगी केली नि सगळी सुनेच्या पानात — आम्हा म्हाताऱ्यांना कशाला, कूस तिची उजवायची! दुसऱ्या दिवशी तिला उलट्या. मी वेडी हरखले, आळीभर सांगत सुटले. ती पोट धरून म्हणतेय, सासूबाई, आग होतेय — नि मी हसतेय, होतं गं पहिलटकरणीला असं! मग ती बाहेरची झाली, म्हणजे दिवस गेलेच नव्हते. उलट्या चालूच.

आज सकाळी त्र्यंबकवैद्य आले. राहिलेलं एक वांगं होतं, त्याचं पिवळं खरवडून निखाऱ्यावर टाकलं — लसणीसारखा वास! म्हणाले, हळद कसली, हरताळ आहे ही, विष. किडीसाठी फवारता होय गं तुम्ही? …काय म्हणालीस? त्या वाफ्यातलं तुम्ही घरी खात नाही? म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला! — जाऊ दे. तुझ्या नावानं बोटं मोडून ती उठून बसणार आहे का? दूध पोटात राहतंय आता, वाचेल म्हणाले वैद्य. दमले गं मी. देवीकडे दुसरं काय मागितलं होतं? घरात एक पाळणा हलावा. सुनेचा नाही तर लेकीचा तरी. म्हणून तर थोडी वांगी हेमासाठी कल्याणला धाडली, तिचा दीर श्रीपाद आला होता, त्याच्याच हाती. नि ऐकलं की गं देवीनं, कालच तो सांगत आला — वहिनीला उलट्या होताहेत, अन्न बघवत नाही. मी त्याच्या हातावर साखर ठेवली, म्हटलं, एकीचं नाही तर एकीचं तरी…

मालन.

कल्याणची गाडी गेली का गं? — अगं, बघतेस काय, सरक! वाट सोड माझी!