अण्णांनी वाजवलेली कडी

युरोपात काय पाहिलं ते राहू द्या, दाराचं सांगते. व्हिएन्नातली शेवटची संध्याकाळ. मी बॅगा भरतेय आणि माझे वडील, अण्णा, खोलीचं दार सताड उघडं टाकून बसलेले. बाहेर जरा पाऊल वाजलं की मी दचकायची.

"अण्णा, लावा ना ते!"

"शिंगणापुरात आपल्या घराला कधी दार हुतं का? न्हेलं का कुनी काय?"

"हे शिंगणापूर नाहीये."

"दार लावलं की कोंडल्यावानी व्हतं, पोरी. उद्या घरी मोकळा झोपतो बघ."

विमानात तेच, मुंबईहून दादाच्या गाडीतही तेच. दादाने मात्र रेडिओ मोठा केला.

घरापाशी उतरलो, तर चौकटीत पडद्याच्या जागी लोखंडी दार. आतून बंद.

दादा मान खाली घालून म्हणाला, "समदेच बसवत्यात आता, अण्णा. तुमी नव्हता, ही एकटी भ्यायची."

अण्णांनी बॅग खाली ठेवली आणि चाचपडत कडी वाजवली.

आतून वहिनीचा आवाज आला, "कोन हाय?"

उभ्या जन्मात या घरात अण्णांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

"काय सांगू गं हिला?"