रोवेना पोगने तिसऱ्यांदाही चाप ओढला होता

जबाब. ठिकाण : शेरीफ कचेरी, टॅलिस काउंटी, आर्कान्सा. दिनांक १५ नोव्हेंबर २०१२, दुपारी ४.१०.

माझे नाव आर्व्हेला जून टिडमोर, वय ६६, धंदा शिकारीचे सामान व बंदुकांचे दुकान, राहणार सीडर गॅप, जुना खाणरस्ता, दुकानाच्या मागचे घर. डेप्युटी वेंडेल क्रिस्प यांनी समोर बसवून विचारले, त्यावरून मी स्वखुशीने सांगते ते असे :

मी हे दुकान एकतीस वर्षे चालवते. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. चर्चच्या बायकांच्या मंडळात, काउंटीच्या जत्रेत आणि जिथे बोलावतील तिथे मी बोलते. विषय एकच असतो. अंगात बळ कमी असणे हा गुन्हा नाही आणि मार खाणे हे बाईचे कर्तव्य नाही. बाईने आपल्या हाताला झेपेल ते हत्यार निवडावे, ते चालवायला शिकावे आणि जवळ बाळगावे. (येथे डेप्युटी क्रिस्प म्हणाले, "मिस आर्व्हेला, भाषण नको, वेळा सांगा. तुम्ही बोलायला लागलात की चर्चच्या जेवणातली कोंबडी गार होते." मी वेळा सांगते.)

मयत रोवेना पोग, वय ३४, ही शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिचा घटस्फोटित नवरा डोयल पोग याने तिच्यापासून दोनशे यार्ड लांब राहावे असा कोर्टाचा हुकूम होता. दोन वर्षांपूर्वी त्याने तिचे उजवे मनगट मोटारीच्या दारात धरून दार लावले होते. ते मनगट वाकडे जुळले. भरलेले दुधाचे कॅन तिला एका हाताने उचलता येत नसे.

४ ऑक्टोबर रोजी दुपारी तीनच्या सुमारास रोवेना प्रथम दुकानात आली. तिने कपाटातले सर्वांत लहान, सर्वांत हलके रिव्हॉल्व्हर मागितले. हाच चुकीचा विचार माझ्या दुकानात येणाऱ्या दहांपैकी आठ बायका करतात, आणि त्यांना घेऊन येणारे दहाही पुरुष करतात.

ती म्हणाली, "हे किती हलकं आहे. पर्समध्ये कळणारसुद्धा नाही."

मी म्हटले, "पर्समध्ये नाही कळणार, हातात कळेल. जड बंदूक धक्का स्वतः खाते, पोरी. हलकी बंदूक तो तुझ्या मनगटाकडे पाठवते."

मी तिला मागच्या खाणीत नेले. सात पावलांवर चर्चच्या जेवणातली एक कागदी थाळी खुंटीला लावली. हलक्या रिव्हॉल्व्हरमधून, अडतीस बोअरची, तिने एक गोळी झाडली. गोळी कुठे गेली ते आम्हा दोघींनाही दिसले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मी नाही रडत, हा हात रडतोय."

मग मी तिला पोलादी, बत्तीस बोअरचे, सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर दिले. त्याचे वजन त्या हलक्याच्या दुपटीहून जास्त. नळीवर एक नाणे ठेवून, नाणे न पडता रिकामा चाप ओढायला लावला. दोन तासांत नाणे पडायचे थांबले. नंतर तिने सहा गोळ्या झाडल्या. सहाही थाळीत होत्या. तिने विचारले, "पण बत्तीस म्हणजे फारच बारीक, नाही का?" मी म्हटले, "लागलेली बारीक गोळी हुकलेल्या तोफेपेक्षा मोठी असते." तिने ते घेतले. थाळीही मागून घेतली. ती थाळी तिच्या फ्रिजवर लावलेली आहे, पाहून घ्यावी.

त्यानंतर पाच गुरुवार ती येत राहिली. शेवटी तिला थाळीवर नेम धरताधरता बोलता येऊ लागले होते. "आज भाजीत मीठ जास्त झालं," म्हणायची आणि मधोमध मारायची.

१० नोव्हेंबर, शनिवार, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. सकाळी आठला दुकानात अकरा पुरुष रांगेत होते. रोवेनाचा थोरला भाऊ गार्लन हॅस्टी, वय ४१, लाकडाचा ट्रक चालवतो, तो आला. त्याने रोवेनाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवले. बदल्यात त्याला कपाटातले हलके, पाच काडतुसांचे, तीनशे सत्तावन्न मॅग्नम हवे होते. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता.

मी विचारले, "तिला विचारलंस का?"

तो म्हणाला, "विचारलं तर गंमत काय राहिली? डोयल दोनशे चाळीस पौंडांचा आहे, मिस आर्व्हेला. आमच्या घरातल्या बाईने त्याच्यावर डास सोडायचे का?"

रांगेतला कोणीतरी म्हणाला, "बत्तीसची गोळी लागली तर डोयल विचारेल, कोण चावलं?" सगळे हसले.

मीही हसले.

मला गार्लनशी बोलायला हवे होते. त्याच्या बहिणीचे मनगट मला माहीत होते, त्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का मला माहीत होता. पाच गुरुवार मी जे तिला शिकवले ते मी त्या रांगेसमोर एकदा म्हणायला हवे होते. मी एवढेच म्हणाले, "धक्का जरा जास्त आहे." तो म्हणाला, "होईल सवय." मी कागद केला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आमच्याकडे भाऊ, बाप, नवरे बायकांच्या हातातले हत्यार असेच बदलतात, प्रेमाने, न विचारता आणि एक आकडा वरचे. त्याविरुद्ध मी एकतीस वर्षे बोलले आहे. त्या सकाळी बोलले नाही.

जाताना गार्लन म्हणाला, "काडतुसं नकोत, मी घरीच भरतो. तिच्यासाठी जरा जोरदार भरीन." तो गॅरेजमध्ये रिकाम्या नळकांड्यांत दारू आणि गोळी घालून स्वतः काडतुसे भरतो, हे गावात सर्वांना माहीत आहे. बहुतेक घरांत भरतात. इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये घरी भरलेली जोरदार काडतुसे घालू नयेत, हेही मी त्याला सांगितले नाही.

सोमवारी, १२ तारखेला, रोवेनाचा फोन आला. एकच गोळी झाडली आणि अंगठ्यामागची कातडी फाटली, गार्लनने पुन्हा पाच पूर्ण करून दिली, असे ती म्हणाली. "गार्लन इतका खूश होता की बोलवेना. माझं जुनं आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटले, "खणात ठेवलंय, विकलं नाही." ती म्हणाली, "गुरुवारी मला अर्धी सुट्टी आहे, येते. त्याला सांगू नकोस हं." आजच ये, असे मी म्हटले नाही.

आज, गुरुवारी, दुपारी १२.१२ वाजता तिचा मोटारीतून फोन आला. "मागे डोयलचा ट्रक आहे असं वाटतंय. निळा आहे. कदाचित नसेलही." मी म्हटले, "थांबू नकोस. सरळ इकडे ये." १२.१४ ला मी या कचेरीत फोन केला. त्यानंतर मी खणातले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले आणि तिच्याच उरलेल्या डब्यातली सहा काडतुसे त्यात भरली. दुकानात भरलेले हत्यार ठेवायचे नाही, हा माझाच नियम आहे. तो मी मोडला. कचेरीची गाडी १२.४१ ला आली.

१२.२५ च्या सुमारास तिची मोटार दुकानासमोर लागली. ट्रकने ती मागून अडवली. डोयल उतरला. त्याच्या हातात चाकाचे नट काढायचा लोखंडी पाना होता. रोवेना दार उघडून उभी राहिली. दुकानाचे दार उघडे होते, मला दोघांचे बोलणे ऐकू येत होते.

तो म्हणाला, "चल, रो. बस झाली नाटकं."

ती म्हणाली, "मागे हो, डोयल."

"नाहीतर काय करशील? मनगट कसं आहे?"

पहिला बार झाला. रिव्हॉल्व्हर तिच्या कपाळापर्यंत उडाले. गोळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दुकानाच्या उंच पाटीत घुसली, भोक आहे. तिने हात खाली आणून पुन्हा नेम धरला. दुसरा बार. डोयलच्या डाव्या दंडातून रक्त आले, तो दोन पावले मागे गेला. तो मागे गेला, हे लिहून घ्यावे.

मी तोपर्यंत काउंटरच्या बाहेर आले होते. माझा गुडघा वाकत नाही, मला वेळ लागतो. मी पायरीवर पोचले तेव्हा रोवेनाची पाठ माझ्याकडे होती आणि डोयल तिच्या पलीकडे होता. मला झाडता येईना.

ती चाप ओढत होती. एका बोटाने, मग दोन बोटांनी. मग दोन्ही अंगठे लावून तिने घोडा मागे ओढायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. ती हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होती. डोयलनेही ते पाहिले आणि तो परत पुढे आला.

पहिला घाव तिच्या उजव्या मनगटावर बसला. दुसरा कानाच्या वर. ती खाली पडली तेव्हा तो मला पूर्ण दिसला. ती पडल्यावर त्याने तिसरा घाव घातला. मी झाडले. अंतर सात पावले. मी त्याला इशारा दिला नाही. सहाही गोळ्या झाडल्या. तो दुसऱ्या गोळीला गुडघ्यावर आला होता, हेही लिहावे. त्या रिव्हॉल्व्हरला धक्का फार कमी आहे, त्यामुळे नेम हलत नाही. त्याचा शर्ट तुमच्याकडे आहे. भोके एका थाळीखाली झाकतील.

रोवेना १२.३८ पर्यंत श्वास घेत होती. मी तिचे डोके मांडीवर घेतले होते.

डेप्युटी क्रिस्प यांनी विचारले, "रिव्हॉल्व्हरमध्ये तीन काडतुसं शिल्लक होती, मिस आर्व्हेला. तीन. दोन झाडली आणि बाईनं हाय खाल्ली, असंच ना?" बाहेर ओट्यावरचे लोकही हेच बोलत आहेत, असे मी येताना ऐकले.

तसे नाही. तिच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरला मी हात लावला नाही, परंतु जवळ बसले असता मला नीट दिसले. बंदूक हलकी असली आणि काडतूस जोरदार असले की प्रत्येक धक्क्याला उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपल्या नळकांड्यातून थोड्या थोड्या पुढे सरकतात. घरी भरलेल्या काडतुसांत जास्त सरकतात. एखादी गोळी काडतुसे धरून फिरणाऱ्या चक्राच्या बाहेर डोकावली की चक्र अडते आणि मग पैलवानालाही चाप ओढता येत नाही. तिच्या चक्रातून एका गोळीचे टोक मक्याच्या दाण्याएवढे बाहेर आले आहे. चक्र ठोकून उघडण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि माप घ्यावे. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर चापाचा वळ आहे, तोही डॉक्टरांना दाखवावा. वळ उमटेपर्यंत ती चाप ओढत होती.

तिने हत्यार बरोबर निवडले होते. ते ज्याने बदलले त्याने तिच्यावरच्या मायेने बदलले. मी ते माहीत असून बदलून दिले. विक्रीच्या कागदावर सही माझी आहे. डोयल पोग मेला त्याबद्दल जे विचारायचे ते विचारा, मी उत्तर देईन. बाईने हत्यार बाळगावे, हे माझे मत आजही तेच आहे आणि मी ते पुन्हा उभी राहून सांगेन. त्या सांगण्यात यापुढे शनिवारची सकाळही येईल.

गार्लन हॅस्टी बाहेरच्या बाकावर बसला आहे. मघाशी त्याने मला विचारले, "मी दिलेलं चाललं ना? मारलं ना तिने त्याला?" मी म्हटले, "मारलं." बाकीचे सांगितलेले नाही. हा कागद त्याला कोणी दाखवू नये. तीन काडतुसे का उरली, ते मी त्याला स्वतः, आत्ता, बाहेर जाऊन सांगणार आहे.

हा जबाब डेप्युटी क्रिस्प यांनी टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या पानावर "घाबरल्यामुळे तिने झाडणे थांबवले" असे वाक्य आले. ते माझे नाही. मी ते माझ्या हाताने खोडले आहे आणि समासात सही केली आहे. उरलेले सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे व खरे आहे.

आर्व्हेला जून टिडमोर