बाकीच्यांनी घरी बसावं

सलोनी : आई, अजून कमेंट्स आल्या! ये ना पटकन, पोहे राहू देत!

लीना : तू वाच, मी इथूनच ऐकते. कढईपुढून हलता येत नाहीये मला.

सलोनी : श्वेतामावशी म्हणते, 'लीना, अंगावर काटा आला! आज फायनलला तूच!' आणि हे कुणीतरी नाशिकहून... 'कुवेतच्या वाळूत एवढा गोड गळा?'

लीना : अगंबाई! अहो, ऐकलंत का? आपल्या मंडळाच्या स्पर्धेचा व्हिडिओ नाशिकला बघतायत लोक!

विश्वास : हं. चांगलंय.

लीना : 'चांगलंय' म्हणे! तुम्ही तरी बघितलात का तो?

विश्वास : रिफायनरीत शटडाउन होतं गं त्या दिवशी.

लीना : त्या दिवशीचं नाही विचारत मी. शूटिंग करणाऱ्या रियाजभाईंनी नेटवर टाकूनही आठवडा झाला.

विश्वास : बघितला की. ठीक आहे.

सलोनी : आई, वेट. हे तू लिहिलंयस?

लीना : काय ते?

सलोनी : 'लीनाच्या आवाजाला अख्ख्या कुवेतमध्ये तोड नाही. बाकीच्यांनी घरी बसावं.' आणि वर नाव, लीना गोडबोले!

लीना : गॅस बंद करा कुणीतरी! बघू! अरे देवा... आणि खाली हे प्रसादभावजींचं काय?

सलोनी : 'वहिनी, परीक्षकांचा त्रास वाचवलात!' हसणारे चेहरे टाकलेत. खूप.

लीना : मी कशाला असलं लिहीन? शुक्रवारची, सुट्टीची सकाळ, सगळे घरीच, सगळ्यांनी वाचलं असणार! मंडळाच्या दिनकररावांना फोन लाव. म्हणावं, संध्याकाळी मी गात नाही.

सलोनी : आई, नो! डिलीट करू ना!

लीना : लोकांनी वाचलेलं डिलीट होतं का? त्या बाकीच्या सगळ्या स्टेजवर असणार. कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यापुढे? एकदा तरी स्टेजवर गावं एवढीच हौस होती गं माझी. दे तो फोन.

विश्वास : लीना, फोन नको करूस. ते मी लिहिलंय.

सलोनी : बाबा!

विश्वास : पण मी नाव कुठे घातलं? मुद्दाम खाली सही केली नाही.

सलोनी : आईचं अकाउंट ओपन होतं, बाबा! नाव आपोआप येतं. इंजिनिअर आहेस ना तू?

विश्वास : कॉम्प्रेसरचा.

लीना : तुम्ही? तोड नाही, असं तुम्ही लिहिलंत?

विश्वास : नाहीच आहे तोड.

लीना : मग कधी तोंडाने बोललात का हो? खैरानच्या सहलीत गायले, तेव्हा समुद्र बघत बसलात. घरी आलात की आधी बातम्या. मला वाटायचं, तुम्हाला माझ्या गाण्याची कटकट होते. म्हणून कुलूप वाजलं की गप्प बसते मी.

विश्वास : तू गप्प बसतेस म्हणून लावतो बातम्या. घर एकदम ओकंओकं वाटतं. रोज ड्यूटीवरून आलो की दाराबाहेर उभा असतो मी, किल्ली हातात धरून. तुझं गाणं संपेपर्यंत.

सलोनी : ओ! म्हणून वॉचमन नझीरचाचा मला विचारत होते, 'पापा से ताला नहीं खुलता क्या?'

लीना : (डोळे पुसत) पोहे करपले वाटतं.

विश्वास : करपू देत. सलोनी, सरक.

सलोनी : थांब, आधी तुझं अकाउंट काढते. नाहीतर हेही आईच्याच नावावर जाईल. हं, यल्ला, लिही!

विश्वास : 'वरचं मी लिहिलं. लीनाला माहीत नव्हतं. बाकीच्यांनी घरी बसू नये, माफी असावी. तोड नाही, हे मात्र मागे घेत नाही. विश्वास गोडबोले, लीनाचा नवरा.'

लीना : अहो, अख्खं मंडळ हसेल तुम्हाला!

विश्वास : हसू दे. तू गाणार आहेस ना संध्याकाळी?

लीना : तुम्ही येणार असाल तर. आत, पहिल्या रांगेत. दाराबाहेर नाही.

विश्वास : पण मी आत आलो की तू थांबतेस.

लीना : आज नाही थांबणार.