दोर मंदाताईंच्या हातात

नवरा झाडावर आणि त्याने कापलेल्या फांदीचा दोर बायकोच्या हातात, असं काम तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या हुडकेश्वरच्या घरावर झुकलेला वाळका कडुनिंब काढायला गजाननभाऊ आणि मंदाताई हे जोडपं आलं होतं. बुंध्याला त्यांनी एक लोखंडी ड्रम बांधला होता. फांदीचा दोर वरच्या कप्पीतून खाली यायचा, ड्रमाला वेढे घ्यायचा आणि मग मंदाताईंच्या हातात जायचा. म्हशीएवढी फांदी त्या एकट्या अलगद उतरवत होत्या. मला राहवेना.

"ताई, एवढं वजन तुम्हाला पेलते कसं?"

"वजन ड्रम धरते जी. मी फक्त दोर ढिला सोडतो."

तेवढ्यात एक मोठी फांदी तुटून लोंबकळली. मंदाताईंनी दोर रोखला आणि फांदी अंगणावर अधांतरी थांबली.

"मंदे, सोड ना वं," वरून गजाननभाऊ म्हणाले.

"पयले सांगा, मानेवरची गाठ दाखवाले उद्या दवाखान्यात येता का नाही?"

"हे इथं काहून काढून राहिली?"

"घरी तुमी उठून चालले जाता. इथून जाता येत नाही."

गजाननभाऊंनी एकदा फांदीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "येतो," ते हळूच म्हणाले. फांदी सावकाश जमिनीला टेकली.

ती गाठ साधी चरबीची निघाली, हे मला पुढे कळलं. पण त्या वेळी मी मंदाताईंना विचारलंच, "खाली उतरल्यावर ते नाही म्हणाले तर?"

दोर सोडवता सोडवता त्या म्हणाल्या, "अजून अर्धं झाड बाकी आहे."