गुडघा वाकला पाहिजे

या, असे जवळ सरकून बसा. आज कीर्तनाआधी एक गोड गोष्ट सांगते. दोन हजार सहा साली सिएटलला हिराओका नावाच्या जपानी आजोबांच्या सहीसाठी रांग लागली होती. कार्टूनमधले महाकाय रोबो त्यांनी घडवलेले. माझ्यापुढे मराठी बाप-लेक उभे होते.

"आश्लेषा, हे आजोबा जन्मभर नुसते रोबोच काढत बसले?"

"नुसते नाही, बाबा. आधी लाकडाचा करून बघतात. गुडघा खरंच वाकला, तरच कागदावर ड्रॉ करतात."

"यावर पोट भरतं?"

"त्यांचं भरलंय ना!"

"म्हणून तू फार्मसीचं शिक्षण सोडून रोबो काढणार? आईला कोण सांगणार?"

"तू सांग ना यार, प्लीज."

"बापाला यार म्हणतेस? दाखव तुझ्या वहीतला रोबो."

"हसायचं नाही हं."

"अगं, हा पहिल्याच पावलाला तोंडावर आपटेल!"

"म्हणजे मला जमणार नाही?"

"असं कुठे म्हटलं? मी पूल बांधतो, वजन कुठून उतरतं ते मला दिसतं. हा सांधा मागे घे. नाहीतर सही राहू दे, त्यांनाच विचार."

"आणि आई?"

"तिला सांगतो मी."

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बापाची आठवण ठेवा. त्याला अजून घरी, तिच्या आईसमोर जायचं होतं.