पान अठ्ठेचाळीसची दुरुस्ती

बोला, पांडुरंग पांडुरंग! — अहो, हा काय आवाज झाला? दुपारी पुरणपोळी खाल्लीत ती सगळी घशातच अडकली की काय? पुन्हा एकदा! पांडुरंग पांडुरंग! हां, आता कसं!

बसा. खांबाला टेकलेले काका, तुम्ही खुशाल टेका, पण घोरू नका. मागच्या वर्षी तुमच्या घोरण्यावर आमच्या पेटीवाल्या दत्तोपंतांनी सूर लावला आणि माझं पद वर गेलं, ते खाली येईना!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. जो माणूस येता-जाता तुमच्या चुका काढतो — हे असं नको होतं, ते तसं हवं होतं, मीठ कमी आहे, कॉलर वाकडी आहे — तो तुमचा कोण? आपला की परका? बघा, या वहिनी हसल्या, आणि लगेच शेजारी नवऱ्याकडे बघितलं! अहो, नाव घेऊ नका. उत्तर मनात धरून ठेवा. आख्यान संपलं की तपासू.

तर मिरजेत एक मास्तर. जिनेंद्र मगदूम. शाळेत चित्रकला शिकवायचे, मग निवृत्त झाले. निवृत्त माणूस काय करतो? बायकोच्या फोडणीत लक्ष घालतो! यांनी नाही घातलं. यांनी मासिक काढलं. कसलं? देवाधर्माचं? छे! पाककृतींचं? नाही हो! खेळण्यातल्या आगगाडीचं!

अरे अरे, चुकलो. 'खेळण्यातली' म्हणायचं नाही. मी एकदा मास्तरांच्या तोंडावर म्हणालो, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. 'बुवा, खेळणं वेगळं, प्रतिकृती वेगळी!' म्हणजे खरी गाडी जशी, तशीच्या तशी, पण हातावर मावेल एवढी. चाकाला आरे किती, डब्याला पायऱ्या किती, सगळं मोजून! असं वेड असलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, मंडळी. दिसायला तुमच्या-आमच्यासारखीच असतात, ओळखू येत नाहीत.

तर मास्तरांच्या मासिकाचं नाव 'छोटा रूळ'. तीन महिन्यांनी एक अंक, अठ्ठेचाळीस पानं, दोनशे प्रती. नकाशे मास्तर स्वतः काढायचे. इंजिन, पूल, सिग्नल, फलाटावरचा पाण्याचा नळ. छपाई गल्लीतल्या प्रेसमध्ये, पण पिना मारायच्या मास्तरांनी आपल्या हाताने. आणि वाचक घरोघरी पुठ्ठा, पत्रा, सायकलच्या तारा घेऊन बसायचे आणि नकाशाप्रमाणे गाडी करायचे.

आणि अंक पोचला, की आठव्या दिवशी पत्रं! आहाहा, काय पत्रं! तुम्हाला वाटेल, 'मास्तर, धन्य झालो, डोळ्यांचं पारणं फिटलं.' नाव नको! अकोल्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या लिहायच्या — 'पान नऊवर पाण्याच्या नळाची सोंड इंजिनापर्यंत पोचत नाही. इंजिनाने उडी मारून पाणी प्यायचं का?' कणकवलीचे एक पोस्टमन लिहायचे, 'डब्याला तीन पायऱ्या दाखवल्या, दोन असतात. तिसरी कुणासाठी?' बरं, लिहिणारी माणसं वाईट नाहीत हो! पण गोड म्हणून एक शब्द नाही!

आणि या सगळ्यांवर वरताण एक होते. कुर्डुवाडीचे बब्रुवान टोणपे. छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीच्या, कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. आता छोटी लाईन मोठी झाली, छोटी गाडी गेली, बब्रुवानही घरी बसले. यांचं दर अंकाला एक पोस्टकार्ड. मायना नाही, 'सप्रेम नमस्कार' नाही. एक, दोन, तीन, चार — चुकांची यादी! खाली सही. बस्स!

मास्तर कार्ड वाचायचे आणि लाल व्हायचे. पद्मावतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "अहो, चूक असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. हाय काय, नाय काय!" मास्तर म्हणायचे, "मी छापू? त्या टोणप्याचं ऐकून? मेलो तरी नाही!" कार्ड जायचं पत्र्याच्या डब्यात. आणि अकरा वर्षांत, मंडळी, 'छोटा रूळ'मध्ये एकही दुरुस्ती छापून आली नाही. हे लक्षात ठेवा. मी पुढे विचारणार आहे.

शेवटी मास्तर थकले. चव्वेचाळिसावा अंक काढला आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर एक चौकट टाकली. 'वाचकहो, हा शेवटचा अंक. आपल्याला या कामाची गरज वाटत नाही, असं दिसतं. रजा घेतो.'

अंक पोस्टात पडले. मास्तर वरकरणी म्हणायचे, "सुटलो बाई एकदाचा!" आणि रोज अकरा वाजता दारात उभे! कशाला? पोस्टमनसाठी! आता तरी कुणीतरी लिहील ना — मास्तर, बंद करू नका, आमचं कसं होणार? माणसाला एवढंच तर हवं असतं हो! तुम्हाला नको असतं? मला तर हवं असतं बाबा, खोटं कशाला बोलू?

पत्रं आली. किती? एकोणसाठ! मास्तरांनी पहिलं फोडलं. 'मुखपृष्ठावर सिग्नलचा हात खाली, म्हणजे गाडीला वाट मोकळी. आणि फलाटावर स्टेशनमास्तर लाल बावटा दाखवतो आहे. एकच काय ते ठरवा.' दुसरं फोडलं — सिग्नल आणि बावटा! तिसरं — बावटा आणि सिग्नल! एकोणसाठ पत्रांत बंद होण्याबद्दल एक अक्षर नाही! मास्तर खाली बसले. काकूंना म्हणाले, "पद्मा, बघितलंस? आपण गेलो ते कुणाला कळलंसुद्धा नाही."

आणि तेवढ्यात साठावं. पोस्टकार्ड! कुर्डुवाडी! एक ते अकरा नेहमीच्या चुका, आणि बारावी — 'अंकाचे शेवटचे पान वेष्टनाला चिकटून आले आहे. मला सत्तेचाळीसच पाने मिळाली. बांधणी सुधारावी.'

आता मात्र मास्तर उसळले! नकाशाला नावं ठेवलीत, सोसलं. पण बांधणीला? पिना मी मारल्या! माझ्या अंकात डिंकाचा थेंब नाही, पान चिकटेल कसं? हा माणूस चुका शोधत नाही, चुका बनवतो! "पद्मा, भाकरी बांध. मी कुर्डुवाडीला चाललो. याला तोंडावर विचारतो!" काकू म्हणाल्या, "शेंगदाण्याची चटणीपण देते. भांडायला ताकद लागते."

सकाळची गाडी धरून मास्तर दुपारी कुर्डुवाडीत. दार उघडलं सुनेने. तिचं नाव शालन. पाहुण्यांनी नाव सांगितलं मात्र, हिचा चेहरा पांढराफटक! पण आतून बब्रुवानांचा आवाज आला, "कोन हाय गं?" आणि मास्तर तसेच आत घुसले, भांडण ओठावर घेऊन. आणि उंबऱ्यातच थांबले.

काय दिसलं? भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या टाकलेल्या, आणि त्यांवर सगळी छोटी लाईन! स्टेशन, नळ, फाटक, फाटकातली बैलगाडी, डब्यातून डोकावणारा गार्ड. चव्वेचाळीस अंकांतला एकेक नकाशा तिथे उभा होता. मास्तरांनी कागदावर काढलं होतं, ते या माणसाने पत्र्यात कापून, कानसून, रंगवून ठेवलं होतं.

फक्त एक खटकलं. मधल्या बोरओढ्याच्या पुलाला पाच कमानी, आणि पुढे वीतभर रिकामी जागा. रूळ तुटलेला. अलीकडे गाडी उभी, पलीकडे सगळं राज्य.

मास्तर म्हणाले, "हे काय? पूल अपुरा का?"

बब्रुवान म्हणाले, "तुमच्या नकाशात पाच कमानी हायत्या. खऱ्या पुलाला सहा. मी कळवलं हुतं."

"अहो, मग सहावी करायची की! तुम्हाला माहीत होतं ना?"

"मास्तर, मी एकतीस वर्सं फिटर हुतो. नकाशात चूक दिसली तर कळवायची. वरनं दुरुस्ती आली, की मगच भाग बसवायचा. आपल्या मनानं कायबी बसवायचं न्हाई. त्यानं गाडी घसरती."

"अहो, पण ही घरातली गाडी!"

"घरातली म्हून घसरली तर चालंल व्हय?"

मास्तरांनी विचारलं, "किती दिवस थांबलीय ही गाडी?"

"सात वर्सं झाली. येईल म्हनलं दुरुस्ती. मास्तर कामात असत्याल."

मंडळी! सात वर्षं! एक ओळ छापायची होती — 'पाच नव्हे, सहा.' तेवढी मास्तरांनी छापली नाही, आणि बब्रुवान तिकडे गाडी पुलावर थांबवून वाट बघत बसला! ती कार्डं म्हणजे भांडण नव्हतं हो. तो परवानगी मागत होता. आणि आमचे मास्तर ती पत्र्याच्या डब्यात भरत होते! मला तर मास्तरांचा असा राग आला होता हे ऐकताना, की त्यांच्या हातचा चहा खाली ठेवला मी. मग उचलला. गार झाला असता.

तेवढ्यात दारातून शालनने खूण केली. "सर, जरा हिकडं येता का?" मास्तर स्वयंपाकघरात गेले. ही पदराने डोळे पुसत्येय. "सर, ते पान मी चिकटवलंय. मैद्याची खळ करून. अंक पोस्टमननं माझ्या हातात दिला, मी मागनं उघडला. शेवटचा अंक म्हून वाचलं, आन् आधी मामाच डोळ्यांपुढं आलं. आत्या गेल्यापास्नं मामा कुनाशी बोलत न्हाईत वो. अंक आला की तेवढं बोलत्यात. म्हनत्यात, 'शालन, मास्तर पुन्यांदा चुकला बघ!' आन् दोन घास जास्त जेवत्यात. मी काय करू मग? लई चुकलं का माझं?"

मास्तरांनी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःच रडायला लागले. आता रडणारे दोन, आणि चुलीवर चहा उतू गेला!

आणि इतक्यात बाहेरून हाक — "शालन, ओलं फडकं आन गं! मास्तर आल्यातच, तर ते पान सोडवून बघू या, काय छापलंय!"

धावले मास्तर! बाहेर येऊन बघतात, तर बब्रुवानांच्या मांडीवर अंक, एका हातात पाण्याचा तांब्या, नख पानाच्या कडेला लावलेलं. शालन दारात थिजलेली. काय करणार मास्तर? खोटं बोलणार? खरं सांगणार? काका, तुम्ही सांगा! — बघा, झोपले!

मास्तर ओरडले, "थांबा! नका सोडवू! त्या पानावर चूक आहे!"

"कसली?"

"मोठी आहे. माझी आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो."

बब्रुवानांनी लगेच नख काढलं. तांब्या खाली ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या. दुरुस्ती आली की बघू." झालं! नियम म्हणजे नियम!

पंचेचाळिसावा अंक निघाला, मंडळी. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'दुरुस्ती'. चार पानं! अकरा वर्षांतल्या सगळ्या चुका, डब्यातली कार्डं काढून, पद्मावतीकाकूंनी वाचायच्या आणि मास्तरांनी लिहायच्या. पहिली दुरुस्ती — 'अंक चव्वेचाळीस, पान अठ्ठेचाळीस. सर्व मजकूर चुकीचा आहे. वाचकांनी खोडावा.' दुसरी — 'बोरओढ्याचा पूल. कमानी पाच नव्हे, सहा. चूक संपादकाची.'

तो अंक घेऊन मास्तर स्वतः कुर्डुवाडीला गेले. बब्रुवानांनी चष्मा लावला, दुसरी ओळ दोनदा वाचली, उठले, कपाटातून एक फडकं काढलं आणि सोडलं. आत सहावी कमान! करून, रंगवून, सात वर्षं गुंडाळून ठेवलेली! बसवली. रूळ जोडला. कळ दाबली. आणि गाडी निघाली हो! पुलावरून पलीकडे, फाटकातून, बैलगाडीपाशी! शालनने टाळ्या वाजवल्या, आणि बब्रुवान सुनेला म्हणाले, "शालन, आज गोड कर कायतरी."

आणि वाचकांची पत्रं? आली ना! अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचं सगळ्यांत आधी. 'पान अठ्ठेचाळीसवरची चूक मी पहिल्याच दिवशी धरली होती. मासिक बंद होणार, ही छपाईची चूक इतकी ढोबळ होती, की वेगळं काय कळवायचं म्हणून लिहिलं नाही.' कणकवलीहून तेच. जळगावहून तेच! मास्तर, तुम्ही जाणार हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं हो! आणि त्यानंतर चौथ्या दिवशी पोस्टकार्ड, कुर्डुवाडी. एकच ओळ — 'दुरुस्तीच्या यादीत क्रमांक सोळा चुकला आहे.' मास्तर ते कार्ड हातात घेऊन इतके हसले, की काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

आता तपासा, मनात धरलेलं उत्तर! चुका काढतो तो कोण? अहो, परक्याला काय पडलंय तुमच्या कमानी मोजायला? आपण देवापुढे उभे राहून काय करतो? पांडुरंगा, हे असं का केलंस, ते तसं का नाही केलंस! त्याला सोडलंय का कधी? नाही ना! आणि त्याने तुम्हाला परकं म्हटलंय?

पण एवढ्यावर सुटू देणार नाही मी तुम्हाला. मघाशी म्हणालो होतो ना, पुढे विचारणार आहे? मग सांगा, तुमच्या पत्र्याच्या डब्यात कुणाचं कार्ड पडलंय? बायकोचं? भावाचं? तिने सांगितलं होतं, 'तुमचं त्या दिवशी चुकलं', आणि तुम्ही म्हणालात, मेलो तरी नाही! तिकडे ती गाडी पुलावर थांबवून बसली आहे हो. कमान फडक्यात तयार आहे. तुमची एक ओळ यायची आहे फक्त — 'चूक माझी.' आज घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी म्हणून टाका. काका, उठा, हे खास तुमच्यासाठी आहे!

चला, कापूर लावा. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत, मघापासून बोटं मोजताहेत, म्हणजे माझ्या आज सात चुका झाल्या. परवा मी त्यांना तुमच्या सगळ्यांदेखत उलट बोललो होतो. अहो, ऐकता का? चूक माझी होती. आता सांगा त्या सात — आरती होईपर्यंत मी इथेच उभा आहे.