जंतूचा काठ

चामोर्शीच्या एसटी स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या साधनाबाईंच्या शेजारी एक आजी बांबूची टोपली विणत नातीशी बोलत होती.

"कॉलेज काऊन सोडून राह्यली, दिव्यानी?"

"सर म्हणते, संशोधनासाठी जंतूवर नवा प्रश्न आण. मले सुचतच नाई."

"जंतू करते काय?"

"साखरेच्या कणाले कण जोडून लांब साखळ्या बनवते अन् अंगावर पांघरते. मंग आपलं शरीर त्याले ओळखत नाई."

"अन् थांबते कधी? मी टोपलीचा काठ बांधला का थांबतो. त्याचा काठ कोन बांधते?"

"आजी, आमच्या जंतूचं हे कोनीच नाई शोधलं!"

"बरं, गाडी लागली. घरी चाल."

"तू जाय. मी कॉलेजात जातो. ते टोपली दे, सरले दाखवतो."

"थांब, काठ तं बांधू दे."

"नको, आजी. तशीच दे."